कुंपण कसें असावें ?

मनुष्य जागा घेतो, पाया खणतो, भिंती उभारितो, वर छप्पर घालितो. आणि हें सर्व पुरें होऊन हातांतील पैसा सरला, म्हणजे त्याला कुंपणाची आठवण होते. मग शेजाऱ्यानें जें केलें असेल तेंच, किंवा गवंडी जें सांगेल तेंच, तो करितो. घराचें दार कोणत्या दिशेस असावें याविषयीं दहा जणांस विचारणारा गृहस्थ कुंपणाविषयीं एकासही विचारीत नाहीं. आमच्या शाळेच्या कित्येक पालकांनीं अलीकडे गांवाबाहेरील नव्या वसाहतींत जागा घेऊन घरें बांधिलीं आहेत. त्यांच्या घरीं जाण्याचा प्रसंग येतो तेव्हां प्रथम दृष्टीस पडतें तें कुंपण. आणि पुष्कळदां मनांत येतें कीं, या गृहस्थानें घर विचारानें बांधिलें, कुंपण मात्र घाईनें घातलें. म्हणून या वार्षिकांत ह्या विषयावर चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे. विषय साधा असला तरी क्षुल्लक नाहीं, हें लेखाच्या शेवटीं वाचकांस पटेल अशी आशा आहे.

आपल्या पूर्वजांनीं कुंपणाचा विचार पुष्कळ केला होता याची साक्ष आपल्या म्हणीच देतात. 'कुंपणच शेत खातें', 'सरड्याची धांव कुंपणापर्यंत' ह्या म्हणी सर्वांस ठाऊक आहेत. 'बैल गेला आणि झोपा केला' ही तिसरी. येथें झोपा म्हणजे गोठ्याचें दार. आमच्या वर्गांतील मुलांस हा शब्द ठाऊक नसल्यामुळें तीं या म्हणीचा संबंध निद्रेशीं लावितात, आणि बैल गेल्यावर धनी निजला असा अर्थ मोठ्या धिटाईनें सांगतात !

आमचें मत प्रथमच सांगून टाकितों. कुंपणाचीं कामें दोन : एक अडविण्याचें आणि दुसरें वाट देण्याचें. पहिल्या कामाचा विचार सर्व जण करितात. दुसऱ्याचा बहुधा कोणी करीत नाहीं. पावसाच्या पाण्यास वाट पाहिजे, वाऱ्यास पाहिजे, शेजाऱ्यास पाहिजे, आणि संकटसमयीं धांवून येणाऱ्यास तर सर्वांआधीं पाहिजे. ज्या कुंपणानें ही वाट ठेविली नाहीं, तें कितीही भक्कम असो, आज ना उद्यां धन्याच्याच गळ्याशीं येतें.

आतां क्रमानें पाहूं. कुंपण घालण्यापूर्वीं पहिला प्रश्न हा कीं, अडवावयाचें कोणास ? गाईम्हशींस ताणलेल्या चार तारा पुरतात. शेळीस त्या पुरत नाहींत. ती दोन तारांमधून अंग चोरून आंत शिरते. रानडुक्कर कुंपणावरून येत नाहीं, खालून उकरून येतें. म्हणून त्याच्यासाठीं बंदोबस्त जमिनीलगत पाहिजे. माकडांस तर कुंपणाची क्षितीच नाहीं. चोराची गोष्ट याहून विचार करण्यासारखी आहे. उंच भिंत चोरास थोडा वेळ अडविते हें खरें. पण तो एकदां आंत उतरला म्हणजे तीच भिंत त्याला रस्त्यावरील लोकांच्या दृष्टीपासून झांकून ठेविते. ज्या अंगणांत जाणाऱ्यायेणाऱ्याची नजर पोहोंचते, त्या अंगणाला न मागतां राखणदार मिळालेला असतो.

शत्रु कोण हें ओळखलें, तरी वेळेवर उपाय केला नाहीं तर काय होतें याचें एक मोठें उदाहरण ऑस्ट्रेलियांत घडलें. इ. स. १८५९ मध्यें शिकारीच्या हौसेसाठीं त्या खंडाच्या आग्नेय भागांत थोडेसे ससे सोडण्यांत आले. ते इतके माजले कीं, पश्चिमेकडील प्रांतांत ते येऊं नयेत म्हणून तेथील सरकारनें १९०१ ते १९०७ या काळांत जाळीचें एक प्रचंड कुंपण उत्तरदक्षिण घातलें. त्याची लांबी एक हजार एकशें एकोणचाळीस मैल होती. परंतु काम पुरें होण्यापूर्वींच ससे पलीकडे जाऊन पोहोंचले होते; मग त्यांच्यापुढें दुसरें कुंपण घालावें लागलें. बैल गेला आणि झोपा केला, तो असा !

आतां कुंपणाच्या प्रकारांकडे वळूं. सर्वांत जुनें व आमच्या मतें अजूनही सर्वांत चांगलें कुंपण म्हणजे झाडांचें. जागेस काट्यांचा धाक हवा असेल तर करवंद, चिलार, सागरगोटा अथवा विलायती चिंच लावावी. करवंदाची जाळी जनावर अडविते आणि वर फळ देते. सागरगोट्याच्या बियांनीं मुलींचा खेळ होतो. नुसती हद्द व शोभा हवी असेल तर मेंदी आहे. कोंकणांत गिरिपुष्पाच्या फांद्या ओळीनें रोवितात. त्या मुळें धरून कुंपण होतें, आणि त्यांचा पाला शेतास उत्तम खत होतो. दगडाळ व कोरड्या जमिनींत घायपात तग धरितें. शेर लावणाऱ्यांनीं मात्र जपावें. त्याचा चीक डोळ्यांत गेला तर भयंकर इजा होते, आणि जेथें लहान मुलें खेळतात तेथें तो नसावा हेंच बरें.

हिरवें कुंपण साधत नाहीं अशी तक्रार आमच्या कानांवर पुष्कळदां येते. दोष बहुधा झाडाचा नसून लावणाराचा असतो. मृगाचा पाऊस पडल्यावर दोन ओळींत रोपें लावावींत. एका ओळींतील दोन रोपांच्या मधोमध दुसऱ्या ओळींतील रोप यावें. रोप वाढूं लागलें कीं मायेनें तें वाढूं देऊं नये. लहान असतांनाच शेंडा छाटावा, म्हणजे तें बुडापासून फुटतें. उंच वाढूं दिलेलें कुंपण वरून हिरवें व खालून उघडें राहतें, आणि कुत्रीं-डुकरें खालून सुखानें ये-जा करितात. छाटणी करितांना बूड रुंद व माथा अरुंद ठेवावा, म्हणजे खालच्या पानांसही ऊन मिळतें. असें केल्यास तीन वर्षांत कुंपण उभें राहतें. तोंवर बाभळीच्या काट्यांनीं काम भागवावें. मुलांच्या संगोपनाशीं या छाटणीचें कांहीं साम्य आहे, पण तें पालकांस सांगण्याचें धाडस येथें करीत नाहीं.

झाड निवडतांना एक सावधगिरी अवश्य पाहिजे. परक्या मुलखांतून आणिलेलें झाड लौकर वाढतें म्हणून लावूं नये. फड्या निवडुंग हा मूळचा अमेरिकेचा. आपल्याकडे तो गांवांभोंवतीं कुंपणासाठीं लावण्यांत आला, आणि पुढें कुंपण सोडून शेतांत, गायरानांत व ओढ्यांत पसरला. दख्खनेंत व दक्षिणेंत हजारों एकर जमीन त्यानें व्यापिली होती. अखेर १९२६ च्या सुमारास त्याच्यावर जगणारा एक लहानसा किडा सिंहलद्वीपांतून आणून सोडण्यांत आला, तेव्हां त्याचा जोर मोडला. घाणेरीची कथा अशीच आहे. तीही परदेशांतून शोभेसाठीं व कुंपणासाठीं आली, आणि आज सह्याद्रींतील कितीएक रानांत तिच्यामुळें गवतास जागा उरली नाहीं. 'कुंपणच शेत खातें' ही म्हण येथें अक्षरशः खरी झाली.

ज्या भागांत दगड विपुल आहे तेथें गडगा उत्तम. कोंकणांत जांभ्या दगडाचे गडगे चुन्यासिमेंटाशिवाय रचितात. त्यांच्या फटींतून पावसाचें पाणी निघून जातें, म्हणून गडगा पाण्याच्या भारानें फुगत नाहीं. एखादा दगड ढासळला तर घरधनी स्वतः उचलून पुन्हां बसवितो. गवंड्याची वाट पाहावी लागत नाहीं. त्याच फटींत सरडे व मुंगूस राहतात, आणि मुंगूस शेजारीं असला तर सापाचें भय कमी होतें.

सिमेंटच्या भरीव भिंतीस हे गुण नाहींत. उतारावर आडवी बांधलेली भरीव भिंत म्हणजे एक बंधाराच होय. पावसाळ्यांत वरचें पाणी तिच्यामागें सांचतें, आणि एके रात्रीं भिंत पाण्यासह खालच्या शेजाऱ्याच्या अंगणांत जाऊन पडते. अशा भिंतीस बुडाशीं ठिकठिकाणीं भोंकें ठेविलींच पाहिजेत. वाऱ्याचेंही असेंच. भरीव भिंतीवर आदळलेला वारा वर उसळून पलीकडे खालीं झोंबतो, आणि तिच्या आडोशाची केळ मोडून टाकितो. हिरवें कुंपण त्याच वाऱ्यास चाळणीप्रमाणें गाळून मंद करितें. म्हणून बागाईत करणाऱ्या शहाण्या शेतकऱ्यांनीं वाऱ्याच्या अंगास भिंत न बांधतां झाडांची रांगच धरिली.

आतां तारेचें कुंपण. काटेरी तार आज गांवोगांव दिसते, पण तिचें वय दीडशें वर्षांहून फारसें अधिक नाहीं. अमेरिकेंतील इलिनॉय प्रांतांत जोसेफ ग्लिडन नांवाच्या शेतकऱ्यानें २४ नोव्हेंबर १८७४ रोजीं तिचें पेटंट मिळविलें. त्या माळरानांत लांकूड नव्हतें, दगड नव्हता. कांटेरी झाडांचें कुंपण वाढण्यास वर्षें लागत. तार स्वस्त होती व एका दिवसांत उभी राहत होती, म्हणून तिचा प्रसार वणव्यासारखा झाला. पण लोकांनीं आपल्या जमिनीसमवेत सार्वजनिक रस्ते व पाणवठेही तारेंत घेतले. टेक्सास प्रांतांत रात्रीं तारा तोडण्याचें सत्र सुरू झालें, आणि माणसें प्राणांस मुकलीं. १८८६ च्या हिवाळ्यांत बर्फाच्या वादळापुढें दक्षिणेकडे निघालेलीं हजारों गुरें आडव्या तारांशीं अडून जागच्या जागीं गोठून मेलीं. तेथील विधिमंडळानें १८८४ मध्यें जो कायदा केला होता तो लक्षांत ठेवण्याजोगा आहे. तार तोडणें हा मोठा गुन्हा ठरविला. पण त्याबरोबरच, सार्वजनिक रस्त्यावर आडवें कुंपण घालणाऱ्यानें दर तीन मैलांस एक फाटक ठेविलेंच पाहिजे असेंही ठरविलें. अडविण्याचा हक्क मान्य केला, आणि वाट देण्याचें कर्तव्यही त्याच कायद्यांत लिहिलें.

तार घालावयाचीच असेल तर कांहीं गोष्टी पाळाव्या. खांबाच्या लांबीचा निदान चौथा हिस्सा जमिनींत असावा. लांकडी खांब कुजतो तो जमिनीच्या पातळीशीं, जेथें ओल व हवा एकत्र होतात तेथें. म्हणून तेवढा भाग आगीवर भाजून काळा करावा किंवा त्यास डांबर लावावें. तारेचा सर्व ताण कोपऱ्यांतील खांबांवर येतो. त्यांस तिरपा टेकू दिला नाहीं तर वर्षाच्या आंत सारी तार ढिली पडते. समुद्रकांठीं खारट हवा तारेवरील जस्ताचा मुलामा लौकर खाते, हें ध्यानांत ठेवून तेथें तारेवर खर्च करावा. घराभोंवतीं, आणि विशेषतः मुलांच्या खेळण्याच्या जागीं, काटेरी तार नसावी. साधी जाळी पुरते.

विजेच्या कुंपणाविषयीं दोन शब्द अगदीं स्पष्ट बोलणें जरूर आहे. सौरशक्तीवर चालणारें जें यंत्र मिळतें, तें सुमारें सेकंदास एकदां, तेंही निमिषमात्र, झटका देतें. जनावर दचकून मागें फिरतें, मरत नाहीं. पण कांहीं लोक रानडुकरांच्या त्रासानें गांजून घरची वीज सरळ तारेंत सोडितात. ही तार डुक्कर, गाय आणि मनुष्य असा भेद करीत नाहीं. अंधारांत पाणी धरण्यास गेलेला शेतकरी, कधीं त्याचाच भाऊ, तीस चिकटून मेल्याचीं वृत्तें वरचेवर येतात. हा कायद्यानें गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी तो गुन्हाच होता. ज्या विद्यार्थ्यांच्या घरीं असें होत असेल त्यांनीं हा परिच्छेद वडिलांस वाचून दाखवावा.

येथवर दुसऱ्यांचे दोष सांगितले. आतां स्वतःचा सांगतों.

आमचें वडिलोपार्जित घर एका लहान गांवीं आहे. लहानपणीं आमच्या व शेजारच्या परसांमध्यें मेंदीचें कुंपण होतें, आणि त्यांत विहिरीजवळ एक छिंडी होती. एका माणसानें अंग चोरून जावें एवढी. तिच्यांतून विरजण जाई, विस्तव येई, आजाऱ्याची पेज जाई आणि मुलें तर दिवसभर ये-जा करीत. शेजारच्या आक्का आणि आमची आई यांचें अर्धें बोलणें त्या छिंडींत उभें राहून होई. वडील वारल्यावर मी नोकरीनिमित्त शहरांत राहूं लागलों, आई गांवीं एकटी राहिली. एके उन्हाळ्यांत परसांतील आंबे कोणी रात्रीं उतरविले. मला राग आला. कोणी नेले तें ठाऊक नव्हतें, पण संशयास छिंडी सांपडली. सुमारें दहा वर्षांपूर्वीं मीं मेंदी उपटून तेथें सहा फूट उंचीची भिंत बांधिली व तिच्यावर सिमेंटांत फुटक्या बाटल्यांच्या काचा बसविल्या. पुढील फाटकास आंतून कुलूप लावीत जा असें आईस बजावून सांगितलें. आक्कांनीं भिंत चढतांना पाहिली, पण त्या मला कांहीं बोलल्या नाहींत. आई एवढेंच म्हणाली, "आंब्यांचं एवढं काय रे ?" मीं तिकडे लक्ष दिलें नाहीं.

दुसऱ्या वर्षीं श्रावणांत एके पहाटे आई विहिरीवर घसरून पडली. खुब्याचें हाड मोडलें. तिची हांक आक्कांनीं ऐकली. त्या धांवत भिंतीशीं आल्या, पण भिंत सहा फूट. गल्लीनें वळसा घालून फाटकाशीं आल्या, तर आंतून कुलूप. पाऊस पडत होता. अखेर त्यांचा बारा वर्षांचा नातू भिंतीवर चढला, आणि त्यानें आंत उडी टाकून फाटक उघडलें. तेवढ्यांत त्याचा उजवा तळहात काचेनें आरपार चिरला गेला होता. आईस गाडींत घालीपर्यंत त्यानें हात कोणास दाखविला नाहीं. मी संध्याकाळीं पोहोंचलों तेव्हां आई दवाखान्यांत होती आणि तो मुलगा शेजारच्या बांकावर हाताला पट्टी बांधून बसला होता.

मीं आक्कांची क्षमा मागितली. त्या रागावल्या नाहींत. इतकेंच म्हणाल्या, "लेकरा, आंबे राखलेस. पण आईला राखायला कुणी यायचं म्हटलं, तर वाट कुठं ठेवलीस ?"

या प्रश्नास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि आजही नाहीं. त्या आठवड्यांत मीं भिंतीवरील काचा स्वतः छिन्नीनें काढिल्या, आणि विहिरीजवळ भिंत फोडून तेथें लहानशी दिंडी बसविली. तिला कडी आहे, कुलूप नाहीं. त्या मुलाच्या हातावरचा व्रण मात्र कोणत्याही छिन्नीनें निघण्यासारखा नाहीं. कुंपणाविषयीं मी जें मत येथें मांडीत आहें, तें पुस्तकांतून आलेलें नाहीं. तें त्या व्रणांतून आलेलें आहे.

शेजाऱ्याचा विषय निघालाच आहे तर व्यवहाराचीही गोष्ट सांगितली पाहिजे. कुंपण घालण्यापूर्वीं जमिनीची सरकारी मोजणी करून घ्यावी, आणि ती शेजाऱ्याच्या समक्ष करावी. अंदाजानें रोविलेला खांब पुढें दोन पिढ्यांस कोर्टाच्या पायऱ्या चढावयास लावितो. हातभर जमिनीच्या तंट्यांत एकरभर जमीन विकावी लागल्याचीं उदाहरणें प्रत्येक तालुक्यांत आहेत. शेजाऱ्याची मेर सरकवूं नये अशी आज्ञा पवित्र शास्त्रांत अनुवादाच्या पुस्तकांत दिलेली आहे. प्राचीन रोमी लोक तर हद्दीच्या दगडास देव मानीत, आणि दर वर्षीं २३ फेब्रुवारीस दोन्ही बाजूंचे शेजारी एकत्र येऊन, आपापल्या अंगानें त्या दगडास माळा घालून, सण करीत. देवाची गोष्ट सोडून दिली तरी त्यांतील शहाणपण घेण्यासारखें आहे : हद्द ही दोघांची असते, आणि दोघांनीं मिळून राखिली तरच ती टिकते.

जुन्या वाटेचेंही तसेंच. वहिवाटीच्या हक्काविषयींचा १८८२ चा जो कायदा आहे, त्याप्रमाणें वीस वर्षें उघडपणें, शांततेनें व अखंड वापरांत असलेल्या वाटेवर वापरणाऱ्याचा हक्क होतो. 'जमीन माझी, वाट बंद' असें म्हणून चालत नाहीं. शेतांतील अशी वाट कोणी अडविली तर ती खुली करून देण्याचा अधिकार १९०६ च्या कायद्यानें मामलेदारास दिलेला आहे. पण कायद्यापर्यंत जाण्याची पाळी येणें हीच मोठी हानि. शेजाऱ्याच्या घरीं जाऊन, "मी अमुक ठिकाणीं कुंपण घालणार आहें, तुमची कांहीं अडचण आहे काय ?" असें विचारण्यास एक पैसाही खर्च येत नाहीं.

वाट न ठेवितां घातलेल्या कुंपणाचा परिणाम एका घरापुरता राहत नाहीं. तो साऱ्या समाजास कसा भोंवतो, याचीं दोन उदाहरणें आपल्याच देशांत आहेत. पहिलें मिठाच्या कुंपणाचें. गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत इंग्रज सरकारनें मिठावरील कर चुकवून मीठ येऊं नये म्हणून हिंदुस्थानच्या मध्यांतून एक जकातीची सरहद्द आंखिली होती. तिच्या मोठ्या भागावर, पंजाबापासून बऱ्हाणपुराच्या बाजूपर्यंत, काटेरी कुंपण होतें. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, जेथें जें रुजेल तें लाविलें होतें. कित्येक ठिकाणीं तें पुरुषाच्या दुप्पट उंच व तितकेंच रुंद होतें. सुमारें बारा हजार माणसें त्या रेषेवर पहारा करीत. ज्या ॲलन ह्यूम यांनीं पुढें १८८५ मध्यें राष्ट्रीय सभेच्या स्थापनेंत पुढाकार घेतला, तेच १८६७ ते १८७० या काळांत या खात्याचे मुख्य होते, आणि कुंपण वाढविण्यांत त्यांनीं पुष्कळ परिश्रम केले. कारागिरीच्या दृष्टीनें तें उत्तम कुंपण होतें. पण तें अडवीत होतें कोणास ? गरिबाच्या भाकरीबरोबरच्या मिठास ! १८७९ मध्यें ती सरहद्द रद्द झाली, आणि कुंपण असें नाहींसें झालें कीं, शंभराहून अधिक वर्षांनीं एका इंग्रज लेखकास त्याचा मागमूस शोधण्यास अनेक खेपा कराव्या लागल्या.

दुसरें उदाहरण गांवकुसाचें. दरोडेखोर व लांडगे यांपासून रक्षण व्हावें म्हणून आपल्या गांवांस कूस व वेस असे. वेशीवर राखण करी तो वेसकर, महार समाजांतील. गांवाची हद्द कोठून कोठवर, हेंही त्या समाजाच्या वृद्धांस सर्वांत अधिक ठाऊक असे, आणि सीमेच्या तंट्यांत त्यांची साक्ष मोठी मानीत. असें असतां त्यांचीं स्वतःचीं घरें मात्र कुसाबाहेर ! दाराची राखण ज्यानें करावयाची, त्यालाच रात्रीं दाराच्या बाहेर ठेवावयाचें. कुसाच्या भिंती पुष्कळ गांवीं केव्हांच पडल्या; त्यांची माती पावसानें वाहून गेली. पण 'गांवकुसाबाहेर' हा शब्द अजून जिवंत आहे, आणि कांहीं मनांत ती भिंतही. मातीच्या भिंतीस पाडण्यास एक पावसाळा पुरतो, मनांतील भिंतीस पिढ्या लागतात. म्हणून कुंपण घालतांना बाहेर कोण राहतो इकडे पाहण्याची संवय लहानपणापासून लागली पाहिजे.

शेवटीं फाटकाविषयीं. आमचें मत असें कीं, कुंपणाची आंखणी फाटकापासून सुरू करावी. प्रथम फाटकाची जागा ठरवावी, मग दोन्हीं बाजूंस कुंपण न्यावें. मुख्य फाटक इतकें रुंद असावें कीं रुग्णवाहिका व आगीचा बंब आंत येऊं शकेल. त्याचीं दारें आंत उघडावीं. रस्त्यावर उघडणारीं दारें येणाऱ्याजाणाऱ्यास अपाय करितात. शेजाऱ्याच्या अंगास एक लहान दिंडी ठेवावी. आणि घरांत वृद्ध मनुष्य एकटें राहत असेल तर फाटकाची एक किल्ली शेजारीं असावी. ज्यास किल्ली देण्याइतका एकही शेजारी नाहीं, त्यानें कुंपणावर खर्च करण्यापूर्वीं दुसऱ्याच एका गोष्टीचा विचार करावा.

खर्चाचा हिशेब पहिल्या दिवसाचा न करितां वीस वर्षांचा करावा. तार स्वस्त वाटते, पण गंजते व बदलावी लागते. गडग्यास पहिला खर्च अधिक, पुढें थोडी डागडुजी. झाडांच्या कुंपणास पैसा थोडा पण हात नेहमीं लागतो. ज्यास वेळ आहे त्यानें झाडें लावावीं, ज्यास दगड आहे त्यानें गडगा रचावा, आणि ज्यास दोन्हीं नाहींत त्यानें साधी जाळी घालून तिच्यावर वेल सोडावा. काचेच्या भिंतीची शिफारस आम्ही कोणासही करीत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, ही सुटी लागली म्हणजे एक काम करा. आपल्या घराच्या कुंपणाभोंवतीं एकदां फिरून या. पाणी कोठून जातें तें पाहा. कोणतें झाड आहे, त्याचें नांव वडिलांस विचारा. आणि संकट आलें तर शेजारचा मनुष्य तुमच्या घरांत किती वेळांत पोहोंचेल, तें पावलें मोजून पाहा. पावलें फार भरलीं, तर घरांतील वडील मंडळींशीं बोला. कदाचित् एखादी दिंडी उघडेल.

— एक शिक्षक